हृदय-फुप्फुस यंत्रातील पूर्वभरण द्रव

हृदय उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेत हृदय व फुप्फुसे यांचे कार्य काही काळ एका यंत्राकडे सोपविले जाते. शरीरातील नीलांवाटे परत येणारे काळपट रक्त नळ्यांमधून या यंत्रात येते. तेथे त्यात ऑक्सिजन मिसळला जातो, कार्बन डाय-ऑक्साइड काढून टाकला जातो आणि नंतर पंपाच्या साहाय्याने ते महारोहिणीत परत सोडले जाते. रुग्णाला यंत्राशी जोडण्यापूर्वी नळ्या, रक्ताशय, ऑक्सिजनीकारक आणि रक्त थंड वा गरम करणारा विनिमयक या सर्व भागांतील हवा काढून ती जागा द्रवाने भरून घ्यावी लागते. नळीत हवा राहिली, तर तिचे बुडबुडे मेंदूच्या रोहिण्यांत अडकून मृत्यू ओढवू शकतो. या द्रवाला पूर्वभरण द्रव म्हणतात. शस्त्रक्रियागृहातील रोजच्या बोलण्यात ‘प्राइम’ हेच नाव रूढ आहे. प्रौढांसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रात सामान्यपणे १ ते १·५ लि. द्रव मावतो.

यंत्र सुरू झाल्यावर काही मिनिटांतच हा द्रव रुग्णाच्या सर्व रक्तात मिसळतो. मध्यम बांध्याच्या प्रौढाच्या शरीरात सु. ५ लि. रक्त असते, हे लक्षात घेतले म्हणजे या मिश्रणाचे महत्त्व कळून येते. इतका द्रव इतक्या अल्पावधीत शरीरात सोडण्याचे प्रसंग एरवी क्वचितच येतात. यंत्राच्या प्रारंभीच्या काळात मात्र पूर्वभरण द्रव म्हणजे केवळ नळ्या भरून काढण्याचे साधन, अशीच समजूत होती. यंत्र कशाने भरावे या प्रश्नाचे उत्तर त्यानंतर अनेकदा बदलले आणि बहुतेक वेळा या बदलामागे फुप्फुसे, वृक्क (मूत्रपिंड) किंवा मेंदू यांना झालेली इजा होती.

रक्ताने भरलेली यंत्रे : बॉस्टन येथे १९३१ साली फुप्फुस-रोहिणीत रक्ताची गुठळी अडकून मरणोन्मुख झालेल्या एका रुग्णाजवळ रात्रभर बसून राहण्याचे काम जॉन गिबन या तरुण शस्त्रक्रियाविशारदांवर आले होते. रुग्णाच्या नीलांमधील रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून ते रोहिणीत परत सोडता आले तर प्राण वाचू शकतील, ही कल्पना त्यांना त्या वेळी सुचली. रक्त शरीराबाहेर गोठू न देणारे हेपारीन हे द्रव्य १९१६ सालीच सापडले होते व १९३० नंतर ते पुरेशा शुद्ध स्वरूपात मिळू लागले होते. त्यामुळे ही कल्पना प्रयोगाच्या आवाक्यात आली. मांजरांवर व नंतर कुत्र्यांवर अनेक वर्षे प्रयोग केल्यावर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे गिबन यांनी आपल्या यंत्राच्या साहाय्याने १८ वर्षे वयाच्या एका मुलीच्या हृदयाच्या दोन अलिंदांमधील (वरच्या कप्प्यांमधील) पडद्याचे छिद्र यशस्वी रीतीने बंद केले. यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून केलेली ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया होय.

त्यानंतरच्या प्रयत्नांत अपयश आल्यामुळे गिबन यांनी हे काम थांबविले. तथापि १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी गिबन यांच्याच यंत्रात सुधारणा करून शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केल्या. मिनेसोटा विद्यापीठात सी. वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४-५५ मध्ये वेगळाच मार्ग अवलंबिला होता. लहान मुलाच्या रक्ताभिसरणाला बहुधा त्याच्या आईचे वा वडिलांचे रक्ताभिसरण जोडून त्यांनी ४५ मुलांवर शस्त्रक्रिया केल्या. या पद्धतीत यंत्र भरण्याचा प्रश्न जवळजवळ उद्‌भवत नव्हता. परंतु एका शस्त्रक्रियेत दोन जीव धोक्यात घालावे लागत. पुढे १९५५ साली लिलेहाय व रिचर्ड डीवॉल यांनी बुडबुड्यांच्या साहाय्याने रक्तात ऑक्सिजन मिसळणारे साधे व स्वस्त उपकरण तयार केले आणि यंत्राचा प्रसार झपाट्याने झाला.

त्या काळातील यंत्रांत ऑक्सिजन मिसळण्यासाठी रक्त जाळ्यांवर वा फिरत्या चकत्यांवर पातळ थराच्या रूपात पसरावे लागे. त्यामुळे यंत्रे आकाराने मोठी असत आणि ती भरण्यास कित्येक लिटर द्रव लागे. शरीराबाहेरील अभिसरणातही रक्तच असले पाहिजे, हे त्या वेळी गृहीत धरलेले होते. साठविलेल्या रक्तात ते गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळलेले असते व ते कॅल्शियमाशी संयोग पावून हृदयाचे आकुंचन दुर्बल करते. यासाठी शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी अनेक दात्यांना बोलावून त्यांचे ताजे रक्त हेपारिनात गोळा करीत. एकाच गटाचे इतके दाते न मिळाल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागे. एका रुग्णासाठी एवढे रक्त खर्च होत असल्यामुळे अशा शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरत्याच मर्यादित राहिल्या.

परक्या रक्ताचे दुष्परिणाम : शस्त्रक्रिया तांत्रिक दृष्ट्या निर्दोष होऊनही काही रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगावत. त्यांची फुप्फुसे जड, रक्ताळलेली व द्रवाने भरलेली आढळत. या अवस्थेला ‘पंप फुप्फुस’ असे नाव पडले. प्रथम सर्व दोष यंत्राला देण्यात आला. प्रयोगशाळेतील कुत्र्यांवरील निरीक्षणांत मात्र असे दिसले की, दुसऱ्या कुत्र्यांचे रक्त यंत्रात भरले असता रक्तदाब घसरतो, रक्त यकृत व आतडी यांच्या वाहिन्यांत साचून राहते आणि फुप्फुसांत रक्तस्राव होतो. गॅडबॉइस, स्लोनिम व लिटवाक यांनी १९६२ साली या लक्षणसमूहाचे वर्णन करून त्याला सजातीय-रक्त लक्षणसमूह असे नाव दिले. गट जुळत असला, तरी अनेक दात्यांच्या रक्तातील श्वेत कोशिका, बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म चकत्या) व प्रथिने एकमेकांशी आणि रुग्णाच्या रक्ताशी जुळतातच असे नाही, हे यावरून सूचित झाले.

यात संसर्गाच्या धोक्याची भर पडली. रक्तातून पसरणाऱ्या ब प्रकारच्या यकृतशोथासाठी दात्यांच्या रक्ताची चाचणी १९७० नंतर उपलब्ध झाली आणि क प्रकारचा व्हायरस तर १९८९ साली ओळखला गेला. दरम्यानच्या काळात हृदय दुरुस्त होऊन घरी गेलेल्या काही रुग्णांचे यकृत पुढे हळूहळू निकामी होत गेले.

रक्तविरहित पूर्वभरण : पॅनिको व नेपच्यून यांनी १९५९-६० च्या सुमारास यंत्र लवण विद्रावाने भरून दात्याच्या रक्ताची गरज टाळण्याची पद्धत सुचविली. ओक्लाहोमा सिटी येथील नाझी झुहदी यांनी १९६० मध्ये यंत्रात ५ टक्के द्राक्षशर्करेचा (डेक्स्ट्रोजचा) विद्राव भरला आणि त्याबरोबर शरीराचे तापमानही कमी केले. रक्त पातळ करणे ही तोवर टाळावयाची गोष्ट मानली जात होती. झुहदी यांनी ती हेतुपुरस्सर केली. या पद्धतीला रक्तविरलन म्हणतात.

विरलनाला भौतिकीय आधार होता. तापमान उतरले की रक्ताची श्यानता (दाटपणा) वाढते व ते केशवाहिन्यांतून सहज वाहत नाही. त्यात द्रव मिसळल्यास श्यानता कमी होते आणि सूक्ष्म वाहिन्यांतील प्रवाह सुधारतो. प्रत्येक १०० मिलि. रक्तामागे ऑक्सिजन कमी वाहून नेला जात असला, तरी प्रवाह वाढल्याने ही तूट काही प्रमाणात भरून निघते. शिवाय २८° ते ३०° से. तापमानाला शरीराची ऑक्सिजनाची गरज जवळजवळ निम्म्यावर येते. पंपाच्या दाबाने फुटणाऱ्या तांबड्या कोशिकांची संख्याही विरल रक्तात कमी असते. या फुटलेल्या कोशिकांतील हीमोग्लोबिन वृक्कांच्या सूक्ष्म नलिकांना अपाय करीत असल्यामुळे हा लाभ महत्त्वाचा ठरला.

या पद्धतीची कठोर परीक्षा ह्यूस्टन येथे झाली. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी धर्मश्रद्धेमुळे दुसऱ्याचे रक्त स्वीकारीत नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर हृदयशस्त्रक्रिया करणे अशक्य मानले जात होते. डेंटन कूली यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत द्राक्षशर्करेच्या विद्रावाने यंत्र भरून अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. ऑट व कूली यांनी १९७७ साली या पंथाच्या रुग्णांवर रक्त न देता केलेल्या हृदय व रक्तवाहिन्यांच्या ५४२ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जी गोष्ट एका पंथाच्या आग्रहाखातर करून पाहावी लागली, तीच पुढे सर्व रुग्णांसाठी नेहमीची पद्धत बनली.

साध्या विद्रावांचे गुणदोष : द्राक्षशर्करेचा विद्राव स्वस्त व सहज मिळणारा होता, पण शर्करा पेशींत वापरली गेल्यावर मागे केवळ पाणी उरते. हे पाणी रक्तातील सोडियम विरल करते व पेशींत शिरून त्यांना फुगविते. कवटीच्या बंदिस्त पोकळीत असल्यामुळे मेंदूला ही सूज विशेष घातक ठरते. तसेच ऑक्सिजन कमी पडलेल्या मेंदूत शर्करेचे प्रमाण जास्त असल्यास लॅक्टिक अम्ल साचून इजा वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. त्यामुळे केवळ शर्करेचा विद्राव भरण्याची पद्धत मागे पडली.

सामान्य लवण विद्रावात सोडियम व क्लोराइड यांचे प्रमाण दर लिटरला प्रत्येकी १५४ मिलितुल्यांक इतके असते, तर रक्तद्रवात क्लोराइड सु. १०० मिलितुल्यांकच असते. हा विद्राव मोठ्या प्रमाणात मिसळला की क्लोराइड वाढून रक्ताची अम्लता वाढते. वाढलेल्या क्लोराइडामुळे वृक्कातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, असेही प्राण्यांवरील प्रयोगांवरून कळले आहे. म्हणून रक्तद्रवाशी अधिक जुळणाऱ्या विद्रावांकडे लक्ष वळले. सिडनी रिंगर यांनी लंडन येथे १८८२-८३ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत असताना ऊर्ध्वपातित पाण्यात बनविलेल्या लवण विद्रावात हृदय फार काळ धडधडत नाही, परंतु नळाच्या पाण्यात बनविलेल्या विद्रावात ते धडधडत राहते, असे पाहिले होते. त्या पाण्यातील कॅल्शियम हे याचे कारण होते. रिंगर यांच्या विद्रावात अलेक्सिस हार्टमन यांनी १९३२ च्या सुमारास लॅक्टेट मिसळून अम्लता कमी करण्याची सोय केली. अतिसाराने कोरड्या पडलेल्या मुलांसाठी योजिलेला हा विद्राव पुढे हृदय-फुप्फुस यंत्रात भरला जाऊ लागला. त्यानंतर लॅक्टेटाऐवजी ॲसिटेट व ग्लुकोनेट असलेले संतुलित विद्रावही प्रचारात आले.

विरलनाची मर्यादा : रक्ताच्या घनफळापैकी तांबड्या कोशिकांनी व्यापलेल्या टक्केवारीला हीमॅटोक्रिट म्हणतात. शरीरात ५ लि. रक्त व ४० टक्के हीमॅटोक्रिट असलेल्या पुरुषाला १·५ लि. द्रवाने भरलेले यंत्र जोडले, तर हीमॅटोक्रिट सु. ३१ टक्क्यांवर येतो. तेच यंत्र ३·२ लि. रक्त व ३५ टक्के हीमॅटोक्रिट असलेल्या लहान चणीच्या स्त्रीला जोडल्यास तो सु. २४ टक्क्यांपर्यंत उतरतो. यावरून एकच यंत्र व एकच द्रव सर्वांना सारखा मानवत नाही, हे स्पष्ट होते. कृश व्यक्ती, स्त्रिया व रक्तक्षय असलेले रुग्ण यांना विरलनाची झळ अधिक लागते.

विरलन जितके अधिक तितके चांगले, अशी समजूत काही काळ प्रचलित होती. ओहायओ राज्यातील टोलेडो येथून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ५,००० रुग्णांच्या पाहणीत यंत्रावर असताना हीमॅटोक्रिट २२ टक्क्यांच्या खाली गेलेल्या रुग्णांत मृत्यू, पक्षाघात, वृक्कांचे अकार्यक्षमत्व इ. उपद्रवांचे प्रमाण वाढलेले आढळले. इटलीमधील रानुच्ची व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले की, केवळ हीमॅटोक्रिट पाहणे पुरेसे नाही. हीमॅटोक्रिट व पंपाचा प्रवाह या दोहोंवर अवलंबून असणारा ऑक्सिजनाचा एकूण पुरवठा शरीर-पृष्ठभागाच्या दर चौ. मी. ला मिनिटास सु. २७२ मिलि. पेक्षा कमी झाला की वृक्कांना इजा होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ झाल्यास पंपाची गती वाढवून ही उणीव काही अंशी भरून काढता येते.

हीमॅटोक्रिट उतरला की लगेच दात्याचे रक्त द्यावे, असा याचा अर्थ नाही. परक्या रक्ताचे दुष्परिणाम कायमच असतात. हृदयशस्त्रक्रियेच्या ५,००० हून अधिक रुग्णांवरील व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, १०० मिलि. रक्तात हीमोग्लोबिन ७·५ ग्रॅ. हून कमी झाल्यावरच रक्त देण्याचे काटकसरीचे धोरण हे अधिक सढळ हाताने रक्त देण्याच्या धोरणापेक्षा वाईट ठरले नाही.

सूज आणि कलिल द्रव : रक्तद्रवातील प्रथिने, विशेषतः अल्ब्युमीन, केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहज बाहेर पडत नाहीत व पाण्याला वाहिन्यांमध्ये धरून ठेवतात. या ओढीला कलिल तर्षण दाब म्हणतात. त्याचे मूल्य सु. २५ मिमी. पारा इतके असते. लवणांच्या विद्रावांत प्रथिने नसल्यामुळे अशा विद्रावाने यंत्र भरल्यास हा दाब निम्म्याच्या आसपास उतरतो व पाणी ऊतकांत पाझरते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा चेहरा व पापण्या सुजलेल्या दिसतात. तीच सूज आत फुप्फुसांत, आतड्याच्या भिंतीत व हृदयाच्या स्नायूतही असते. सुजलेल्या फुप्फुसात ऑक्सिजनाचा मार्ग लांबतो, सुजलेले हृदय नीट सैल होत नाही व आतड्यातून अन्नशोषण मंदावते. शिवाय रक्ताचा यंत्राच्या परक्या पृष्ठभागांशी संपर्क होऊन शोथकारक द्रव्ये मुक्त होतात. कर्कलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली रक्तातील पूरक नावाच्या प्रथिनांचे उद्दीपन आणि शस्त्रक्रियेनंतर अवयवांत उद्‌भवणारे बिघाड यांचा संबंध दाखवून दिला. या द्रव्यांमुळे केशवाहिन्या गळक्या होतात व कमी झालेल्या तर्षण दाबाचा परिणाम आणखी तीव्र होतो.

ही सूज टाळण्यासाठी मोठे रेणू असलेले, म्हणजे कलिल द्रव वापरण्यात येऊ लागले. १९६१ साली लिलेहाय यांच्या गटाने अल्प रेणुभाराचे डेक्स्ट्रान यंत्रात भरले. त्याने सूक्ष्म वाहिन्यांतील प्रवाह सुधारला, पण बिंबाणूंचे कार्य मंदावून रक्तस्राव वाढण्याची व क्वचित तीव्र ॲलर्जीची भीती राहिली. प्राण्यांच्या अस्थी व कातडी यांपासून काढलेल्या जिलेटिनाच्या विद्रावांबाबतही ॲलर्जीचा अनुभव आला. मानवी रक्तापासून मिळविलेले अल्ब्युमीन नैसर्गिक असल्याने सुरक्षित मानले गेले. ते नळ्यांच्या आतील पृष्ठभागावर पातळ थर बनविते व त्यामुळे बिंबाणू त्यांना कमी चिकटतात. परंतु त्याची किंमत फार असते. फिनलंडमधील हेल्सिंकी येथे १,३८६ रुग्णांवर केलेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्वभरणासाठी व नंतरही अल्ब्युमीन वापरलेल्या गटात गंभीर उपद्रवांचे एकूण प्रमाण रिंगर-ॲसिटेट वापरलेल्या गटापेक्षा कमी आढळले नाही.

स्टार्चाचा प्रश्न : अल्ब्युमिनाला स्वस्त पर्याय म्हणून मका व बटाटा यांच्या स्टार्चावर रासायनिक प्रक्रिया करून बनविलेले हायड्रॉक्सी-एथिल स्टार्च १९७० नंतर हळूहळू प्रचारात आले. त्याचे रेणू यंत्राच्या रक्तात बराच काळ टिकतात व सूज रोखतात. तथापि ते रक्त गोठविणाऱ्या घटकांत बिघाड करतात आणि त्यांचा काही अंश वृक्क, यकृत व त्वचा यांच्या पेशींत साचून राहतो. हा साठा अपायकारक आहे की नाही, याबद्दल दोन दशके मतभेद होते.

या वादात जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथील भूलशास्त्रज्ञ योआखिम बोल्ट यांच्या लेखांना फार वजन होते. त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखाचा विषय पूर्वभरण द्रव हाच होता. यंत्र अल्ब्युमिनाऐवजी स्टार्चाच्या संतुलित विद्रावाने भरल्यास शोथ कमी होतो व वृक्कांना कमी इजा पोहोचते, असा निष्कर्ष त्यात काढलेला होता. लेखातील आकडे स्वाभाविक वाटू नयेत इतके एकसारखे आहेत, असे जाणकार वाचकांनी संपादकांच्या निदर्शनास आणून दिले. चौकशीत अभ्यासाला आवश्यक ती नैतिक मान्यता नव्हती व मूळ नोंदीही उपलब्ध नव्हत्या, असे आढळल्यामुळे २०१० साली तो लेख मागे घेण्यात आला. पुढे त्यांचे शंभराहून अधिक लेख याच वाटेने गेले. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या चाचण्यांचे २०१३ साली जे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात बोल्ट यांच्या चाचण्या वगळल्यावर स्टार्चामुळे मृत्यू व वृक्कांचे अकार्यक्षमत्व यांचे प्रमाण वाढत असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्टार्चाच्या वेष्टनावर ठळक इशारा छापण्याचा आदेश दिला आणि हृदय-फुप्फुस यंत्रावरील शस्त्रक्रियेत त्यामुळे रक्तस्राव वाढत असल्याचीही स्वतंत्र सूचना दिली. यूरोपीय संघात २०२२ साली या विद्रावांचे विक्रीपरवाने स्थगित करण्यात आले. ज्या रुग्णांच्या यंत्रात मधल्या काळात स्टार्च भरले गेले, त्यांच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध पुराव्यावर विश्वास ठेवूनच ते भरले होते. एका द्रवाच्या निवडीमागे आकडेवारीची सचोटी किती मोलाची असते, हे या प्रकरणावरून दिसून येते.

वृक्कांना होणारी इजा : हृदयशस्त्रक्रियेनंतर वृक्कांना सौम्य इजा होणाऱ्यांचे प्रमाण विविध पाहण्यांत तीस टक्क्यांपर्यंत आढळते. अपोहनाची (यंत्राने रक्त शुद्ध करण्याची) गरज थोड्यांनाच भासते, परंतु त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण पुष्कळच जास्त असते. वृक्काच्या आतील गाभ्याला निरोगी अवस्थेतही ऑक्सिजन जेमतेम पुरतो. त्यामुळे रक्त फार विरल झाले, प्रवाह घटला किंवा मुक्त हीमोग्लोबिन वाढले, की पहिली इजा तेथे होते. लघवीचे प्रमाण टिकावे म्हणून पूर्वभरण द्रवात मॅनिटॉल मिसळण्याची प्रथा जुनी आहे. त्याने लघवी वाढते हे खरे. पण वृक्कांचे प्रत्यक्ष रक्षण होते, याचा खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही.

अर्भके : पूर्वभरण द्रवाचा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो नवजात अर्भकांत. ३ किग्रॅ. वजनाच्या अर्भकाच्या शरीरात सु. २५० मिलि. रक्त असते. यंत्रात ५०० मिलि. द्रव असेल, तर ४५ टक्के असलेला हीमॅटोक्रिट १५ टक्क्यांवर येईल व रक्त गोठविणारी प्रथिने एक तृतीयांश उरतील. म्हणून अर्भकांच्या यंत्रात बहुधा दात्याच्या तांबड्या कोशिका मिसळाव्याच लागतात. साठविलेल्या रक्तात कोशिकांमधून झिरपलेले पोटॅशियम व लॅक्टिक अम्ल साचलेले असते, तर त्यातील सायट्रेटामुळे कॅल्शियम घटते. अशा रक्ताने भरलेले यंत्र तसेच सुरू केल्यास अर्भकाचे हृदय बंद पडू शकते. यासाठी शक्य तितके ताजे वा धुऊन घेतलेले रक्त वापरतात आणि यंत्र जोडण्यापूर्वी द्रवातील पोटॅशियम, कॅल्शियम व अम्लता मोजून दुरुस्त करतात.

किती विरलन सुरक्षित, हा प्रश्न अर्भकांच्या बाबतीत त्यांच्या पुढील आयुष्याशी निगडित असतो. बॉस्टन येथील बालरुग्णालयात अर्भकांचे दोन गट पाडून यंत्रावर असताना एका गटात सु. २० टक्के व दुसऱ्यात सु. ३० टक्के हीमॅटोक्रिट राखण्याचे ठरविण्यात आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अधिक विरलन झालेल्या मुलांचा हालचालींवरील ताबा एक वर्ष वयाच्या चाचणीत मागे पडलेला आढळला. दुसऱ्या चाचणीत २५ व ३५ टक्के या पातळ्यांची तुलना केली असता असा ठळक फरक दिसला नाही. दोन्ही चाचण्यांचा एकत्रित विचार करता, हीमॅटोक्रिट सु. २४ टक्क्यांच्या खाली जाऊ देणे मेंदूच्या विकासास बाधक ठरते, असे अनुमान २००८ साली काढण्यात आले. शस्त्रक्रियेच्या दिवशी सुखरूप दिसणाऱ्या मुलावर द्रवाच्या निवडीचा झालेला परिणाम वर्षभराने दिसू शकतो, हे या अभ्यासांनी दाखवून दिले.

पूर्वभरण कमी करण्याचे उपाय : कोणताही द्रव पूर्णपणे निर्दोष नसल्यामुळे अलीकडे द्रवाच्या प्रकाराइतकेच त्याचे आकारमान घटविण्यावर लक्ष देण्यात येते. पातळ पटलांची ऑक्सिजनीकारके, आखूड व अरुंद नळ्या आणि रुग्णाच्या जवळ ठेवलेले पंप यांमुळे अर्भकांच्या यंत्रातील द्रव १०० ते २०० मिलि. पर्यंत कमी करता आला आहे. प्रौढांसाठीही १ लि. हून बराच कमी द्रव लागणारी आटोपशीर यंत्रे उपलब्ध आहेत. पॅनिको व नेपच्यून यांची जुनी कल्पना पुढे नेऊन न्यूयॉर्क येथील रोझेनगार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत यंत्र सुरू करण्यापूर्वी रुग्णाचेच रक्त नळ्यांत हळूहळू घेऊन त्यातील विद्राव बाहेर ढकलला जातो. हे करताना रक्तदाब घसरू नये म्हणून भूलतज्ञाला सतत दक्ष राहावे लागते.

मिसळून गेलेले जादा पाणी काढण्याचा मार्गही उपलब्ध आहे. लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात नाईक, नाइट व एलियट यांनी १९९१ साली यंत्र बंद केल्यावर लगेच मुलाचे रक्त सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून फिरवून त्यातील पाणी काढण्याची पद्धत प्रचारात आणली. यामुळे हीमॅटोक्रिट वाढतो, ऊतकांतील सूज उतरते आणि हृदयाचे आकुंचन व रक्तदाब सुधारतो. जगातील अनेक बालहृदय-शस्त्रक्रिया केंद्रांत ही पद्धत वापरली जाते.

प्रौढांसाठी सामान्यपणे संतुलित लवण विद्राव, त्यात हेपारीन व आवश्यकतेनुसार बायकार्बोनेट, मॅनिटॉल वा अल्ब्युमीन, असे मिश्रण वापरतात. त्यातील घटकांची प्रमाणे केंद्राकेंद्रांत भिन्न असतात व एकाच मिश्रणाला सर्वमान्यता लाभलेली नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे वजन, हीमॅटोक्रिट व वृक्कांची कार्यक्षमता पाहून यंत्राचा आकार, द्रवाचे आकारमान व त्याचे घटक ठरविणे, तसेच विरलनानंतर हीमॅटोक्रिट किती राहील याचे गणित आधीच मांडणे, ही यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञाची प्रमुख जबाबदारी मानली जाते.